जीवघेण्या खेळात टाइमप्लीज कुठे आहे?

नाशिकहून आलेलं पत्र, थोडं कापून:

"सर, मी पंचवटीत राहते आणि सहावी-सातवीला मराठी शिकवते. मुलांसाठी एक रहस्यकादंबरी लिहिली आहे. पाच मुलांना गोदाघाटावर एक जुना सारीपाट सापडतो. सोबत चिठ्ठी असते. पटावर सोंगटी ज्या घरात जाईल त्या घराचं काम त्या मुलाने करायचं. काम चुकलं की सोंगटी मरते आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा गायब होतो. एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून सांगितलं, 'मुलांच्या पुस्तकात मरण नको. पालकांना जीवघेणी कामं देणारा तो ब्लू व्हेल नावाचा ऑनलाइन खेळ आठवेल. शेवटी सगळं स्वप्न होतं असं करा, छापू.' मी नाराज होऊन वर्गातल्या मुलांना वाचून दाखवली, तर ती म्हणाली, 'बाई, भीती नाही वाटली. आणि तो घाटावरचा म्हातारा चोर आहे हे चौथ्या प्रकरणातच कळलं.' मोठ्यांना फार भयानक, मुलांना अळणी. मी आता काय करू? गोषवारा आणि पहिली काही प्रकरणं सोबत पाठवते आहे."

बाई,

(शिक्षिकेला बाई म्हणायची सवय अजून मोडलेली नाही, चालवून घ्या.)

प्रकाशक आणि तुमचा वर्ग यांच्या तक्रारी उलट्या दिसतात, पण दुखणं एकच आहे. तुमच्या खेळातली कामं भयंकर आहेत आणि खेळ मात्र साधाच आहे. तिसरं काम पाहा, तुमच्याच शब्दांत: "रात्री बारा वाजता एकट्याने गांधी तलावात उतर आणि तळातला दगड काढून आण. नाहीतर उद्या तुझी सोंगटी मरेल." प्रकाशकाला हे वाचून घाम फुटतो, कारण उद्या कुणी पोरगं खरंच उतरलं तर? मुलांना काहीच होत नाही, कारण त्यांच्या डोक्यात सरळ प्रश्न येतो: मग तो जातो कशाला? घरी झोपायचं ना!

या प्रश्नाला तुमच्या हस्तलिखितात उत्तर नाही. ते मिळालं की दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी मिटतील असं मला वाटतं.

तुमच्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत उभ्या राहा. पकडापकडीत कुणाच्या बुटाची नाडी सुटली की ते पोर हात वर करून ओरडतं, "टाइमप्लीज!" आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबतो. राज्य असलेला गडीसुद्धा थांबतो. कुणाला फारच लागलं, कुणी रडायला आलं, कुणाची रिक्षा आली, तर डाव मोडतो. मुलांच्या प्रत्येक खेळाला असं एक दार असतं. जीवघेणा खेळ म्हणजे ते दार बाहेरून बंद केलेला खेळ. तुमच्या खलनायकाने ते कसं बंद केलं, हे तुमच्या कादंबरीचं खरं रहस्य व्हायला हवं. सोंगटी कोण हलवतं हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही. सभापर्वातला द्यूताचा प्रसंग मुलांना सांगितलात की ती कपटी फाशांवर चिडतात, पण खरी अस्वस्थ होतात ती धर्मराजावर. हरतोय तर उठत का नाही? कारण आव्हान आलं तर मागे फिरायचं नाही हे त्याने स्वतःला बांधून घेतलेलं आहे. आणि कहर म्हणजे धृतराष्ट्राने सगळं परत देऊन घरी पाठवल्यावर पुन्हा बोलावणं येतं, आणि तो पुन्हा जातो! मी लहानपणी हा भाग ऐकताना 'अरे नको ना' असं मोठ्याने म्हणायचो. वेताळाचंही तसंच. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. विक्रमाला दोन्हीकडून कोंडलेलं आहे. यक्षाच्या तळ्याकाठी चार भाऊ मरून पडतात आणि पाचव्याला प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. मुलांना मरणाच्या गोष्टी झेपत नाहीत असं म्हणणाऱ्या प्रकाशकांना आजीने या तिन्ही गोष्टी सांगितल्या असणार, बहुतेक जेवताना.

तेव्हा तुमच्या पाच मुलांना का उठता येत नाही? धमकीने नको. धमकी स्वस्त असते आणि सातवीतलं मूल ती सहज उडवून लावतं. मी तिसरं काम असं करून पाहिलं:

"काम तिसरे. आईच्या पर्समधली दहाची नोट घे. उद्या ती विचारेल. 'मी नाही घेतली' असं म्हण."

आणि दुसऱ्या दिवशी दप्तरात नवी चिठ्ठी: "शाब्बास. आता आपल्या दोघांत एक गुपित आहे."

बस. पाणी नाही, रात्र नाही, दगड नाही. पण या चिठ्ठीपासून ते मूल अडकलं. आता डाव मोडायचा तर आधी आईला दहा रुपयांचं सांगावं लागेल. पुढच्या कामात भावाची वही फाडायला सांगा, त्याच्या पुढच्या कामात मैत्रिणीबद्दल एक खोटं. प्रत्येक काम आधीच्यापेक्षा केसाएवढंच मोठं आणि प्रत्येक कामानंतर खेळवणाऱ्याच्या हातात एक नवं गुपित. मोठी माणसं मुलांना जाळ्यात ओढतात ती याच रीतीने, मोबाइलवर असो नाहीतर गल्लीत. आधी क्षुल्लक चूक करायला लावायची, मग त्या चुकीच्या भीतीने तोंड बंद ठेवायचं. तुमचा अकरा वर्षांचा वाचक तलावात कधी उतरला नसेल. आईशी खोटं बोलून पोटात गोळा आलेला मात्र त्याला नक्की ठाऊक आहे. त्याला भीती वाटेल. शिवाय यात नक्कल करण्याजोगं साहस उरत नाही, म्हणजे प्रकाशकांचीही अर्धी काळजी गेली.

राहिलेली अर्धी काळजी ब्लू व्हेलची. २०१७ साली त्या खेळाच्या बातम्यांनी घराघरातल्या आयांच्या तोंडचं पाणी पळालं होतं हे खरं, आणि त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने इंटरनेट कंपन्यांना त्याचे दुवे काढून टाकायला सांगितलं होतं हेही खरं. पण २०१८ च्या जानेवारीत लोकसभेत सरकारनेच सांगितलं की ज्या प्रकरणांची चौकशी झाली त्यांत त्या खेळाचा हात असल्याचं सिद्ध होऊ शकलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटली गेली, आणि ज्या मुलांच्या मनात खरोखर काही चाललं होतं त्यांच्याकडे बघायचं राहून गेलं. प्रकाशकांना हे शांतपणे सांगा. आणि एक गोष्ट त्यांनी न मागता करा. कुठल्याही पात्राने स्वतःला इजा करून घ्यायची रीत पुस्तकात वर्णन करू नका, एका ओळीतही नाही. शेवटच्या पानावर मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन क्रमांक छापा. कथेत कुठेतरी एखाद्या मुलाने तो १०९८ शाळेच्या फलकावर वाचलेला असला तर आणखी बरं.

स्वप्नाचा शेवट मात्र अजिबात नको. दीडशे पानं जीव मुठीत धरून वाचायची आणि शेवटी 'तेवढ्यात आईने हाक मारली, ऊठ, शाळेला उशीर होतोय'? हा रडीचा डाव झाला, आणि मुलं रडीचा डाव खेळणाऱ्या लेखकाला पुन्हा खेळायला घेत नाहीत.

मरण ठेवा. पण तुमच्या गोषवाऱ्यात तीन मुलं गायब होतात, त्यातली दोन परत येतात आणि तिसऱ्याचं काय झालं ते तुम्ही स्वतःच विसरून गेला आहात. (गंमत करत नाही, शेवटचं प्रकरण पुन्हा पाहा.) माझा सल्ला: पाचही मुलं जिवंत ठेवा आणि मरण मागे न्या. नाशिकला २००८ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला होता. त्या वर्षी हाच पट दुसऱ्या मुलांनी खेळला होता आणि त्यातला एक गडी पुरात गेला, असं करा. सगळ्यांनी अपघात म्हटलं. त्या वेळी बारा वर्षांचा असलेला दुसरा गडी आज तिशीच्या आसपासचा, सगळ्यांचा लाडका दादा आहे. मंडळाच्या आरतीला पुढे, मुलांना सायकल शिकवायला पुढे. आता खेळवणाऱ्याला कारण मिळालं. त्याला कुणाला मारायचं नाही. तेव्हा त्याच्या हातून जे घडलं ते लपवायचं आहे, आणि लपवलेली वस्तू मोठ्यांच्या नजरेत न येता मुलांकरवी बाहेर काढून घ्यायची आहे. असं कारण वाचकाला पटतं, आणि थोडी कीवही येते. बालकादंबरीतल्या खलनायकाची थोडी कीव आलेली मला आवडते.

घाटावरच्या म्हाताऱ्याला सोडून द्या बिचाऱ्याला. फाटका कोट, लाल डोळे, एक पाय ओढत चालणारा. मुलांनी त्याला चौथ्या प्रकरणात ओळखलं यात नवल नाही, मी दुसऱ्यातच ओळखला. आणि खरं सांगू का, गरीब आणि विक्षिप्त दिसणारा माणूस गुन्हेगार निघतो हे सहावीच्या मुलांना आपण आणखी किती वेळा वाचायला द्यायचं? त्याला साक्षीदार करा. त्याने २००८ ची ती रात्र पाहिलेली आहे आणि त्याचं कुणी ऐकून घेतलेलं नाही.

आता नाशिक. तुम्ही आयुष्य तिथे काढलंत, म्हणून इथे मी जास्त कडक आहे. नवव्या प्रकरणात रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, उघडते, मुलगा धप्पा (उडी) मारतो, तळाशी त्याला पितळी फासा लागतो. झकास! पेशवेकाळापासूनचे ते हौद, पुरुषभराहून खोल, वर्षभर वर फळ्या आणि माती, त्यावरून गाड्या जातात आणि खाली काय आहे हे बाहेरच्या माणसाला कळतही नाही. नाशिकबाहेरच्या मुलांना हे सगळं परीकथेसारखं वाटेल. पण मग दहाव्या प्रकरणात, त्याच रात्री, गोदेला पूर? फाल्गुनात? तुमच्या वर्गातल्या मुलांनी हे कसं सोडलं कळत नाही. कदाचित बाईंना कसं सांगायचं म्हणून गप्प बसली असतील.

पण ही चूक सोन्यासारखी आहे, टाकू नका. पूर पावसाळ्यात, रहाड फाल्गुन वद्य पंचमीला. मध्ये सहा-सात महिने. रहाड बुजवायच्या आधी कुणी त्यात काही ठेवलं तर ते पुढच्या रंगपंचमीपर्यंत कुणाच्या हाती लागणार नाही, आणि नंतर तिची साफसफाई करणाऱ्यांच्या हाती लागणारच. म्हणजे तुमच्या खलनायकाला तारीख मिळाली! त्या तारखेआधी त्याला वस्तू काढून घ्यायची आहे. मुलांना ती आधी गाठायची आहे. कादंबरी पावसाळ्यात सुरू करा, रंगपंचमीला संपवा. ती वस्तू २००८ पासून तिथेच होती असं मात्र करू नका, कारण रहाड दर वर्षी उघडून स्वच्छ होते. ती याच वर्षी कुणीतरी घाबरून तिथे हलवलेली असली पाहिजे. कोणी आणि का, ते तुम्ही ठरवा.

पुराच्या प्रकरणात तुम्ही 'पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत चढले' असं लिहिलं आहे. हे तर बातमीत येतं. नाशिककर पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं, मग फोन सुरू होतात. नदीच्या पात्रात उभी असलेली एवढी मोठी मोजपट्टी घरात असताना लेखकाने 'धोक्याची पातळी' लिहावी? आणि याच मारुतीवर मी तुमचा मुख्य सुगावा टांगीन. लाडका दादा सांगतो, "आठ वाजता मी घाटावर होतो, पाणी मारुतीच्या कमरेला होतं, मी स्वतः पाहिलं." पुढे मुलांना कळतं की गंगापूर धरणातून विसर्ग सोडायला आठलाच सुरुवात झाली. धरण शहराच्या वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूर. दार उघडल्याक्षणी रामकुंडात पाणी चढत नाही, त्याला यायला वेळ लागतो. मग आठ वाजता त्याने कुठलं पाणी पाहिलं? एवढंच लक्षात ठेवा, त्या संध्याकाळी शहरात पाऊस पडू देऊ नका. नाहीतर हुशार पोर म्हणेल की पाणी पावसाचं असेल.

हा सुगावा पुण्या-लातूरच्या वाचकालाही पकडता आला पाहिजे, म्हणून धरण, विसर्ग आणि मारुती या तिन्हींची ओळख आधीच्या प्रकरणांत खेळीमेळीने करून द्या. एखाद्या मुलीला आकडेमोडीचं वेड असू दे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. ती हे बोटांवर मोजून दाखवते आणि बाकीचे तिची टिंगल करतात. वाचकही हसून पुढे जाईल, आणि शंभर पानांनी कपाळावर हात मारेल. इंग्लंडमधल्या रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. गुन्हेगार सुरुवातीलाच कथेत आलेला असावा हा पहिला, आणि सापडलेला प्रत्येक सुगावा वाचकालाही लगेच दिसावा हाही त्यात आहे. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, असाही नियम आहे. तुमच्याकडे तीन आहेत. मला माहीत आहे, प्रत्येक नाशिककराला एक भुयार ठाऊक असतं, ते थेट कुठेतरी निघतं, आणि त्यातून स्वतः गेलेला माणूस कधी भेटत नाही. तीनही काढा. फार जीव तुटत असेल तर एक ठेवा, आणि ते बंद निघू दे.

मोठ्या माणसांबद्दल थोडं. तुमच्या कादंबरीतले सगळे आईबाप आंधळे आणि पोलीस झोपलेले. मुलांना पुढे ठेवायचं म्हणून सगळेच लेखक हे करतात, ठीक आहे. पण गुपितांवर चालणाऱ्या खेळात कुणीतरी मोठ्या माणसाला सांगणं हाच डाव मोडायचा क्षण असतो, तो वाया घालवू नका. पहिल्यांदा मूल सांगायला जातं तेव्हा बाबा फोनवर असतात, "नंतर बोलू" म्हणतात. दुसऱ्यांदा कुणीतरी ऐकतं. आई, आत्या, वाचनालयातल्या काकू, कुणीही. त्या माणसाने दहा रुपयांवरून न ओरडता ऐकून घेतलं, एवढ्यानेच खेळवणाऱ्याचा हातचा हुकमी पत्ता गेला. मारामारीपेक्षा हा प्रसंग मोठा करा, सावकाश लिहा. चार पानं लागली तरी लागू देत.

वर्गात पुन्हा वाचून दाखवाल तेव्हा 'आवडलं का' विचारू नका. बाईंना कोण नाही म्हणणार? प्रत्येक प्रकरणानंतर मुलांना चिठ्ठीवर एका माणसाचं नाव लिहायला सांगा आणि चिठ्ठ्या डब्यात टाका. अर्ध्या पुस्तकापर्यंत सगळा वर्ग एकच नाव लिहीत असेल तर तुम्ही फार दाखवताय. शेवटपर्यंत एकानेही बरोबर नाव लिहिलं नाही तर तुम्ही फार लपवताय. तिघा-चौघांनी ओळखलं आणि ती पोरं गालातल्या गालात हसत बसली, तर जमलं. आणि वाचताना मुलांच्या हालचाली बघा. चुळबुळ जिथे सुरू होते तिथे पानाच्या कडेला पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा तिथे तुम्ही निसर्गवर्णन करत असता. ते पहिल्या प्रकरणातलं ब्रह्मगिरीवरचं दीड पान, उदाहरणार्थ.

प्रकाशकांकडे लगेच जाऊ नका. आधी हे सगळं लिहून काढा, मग त्यांनाच पहिल्यांदा दाखवा, त्यांनी निदान वाचून कारण तरी सांगितलं. अनेकजण तेवढंही करत नाहीत. तेव्हाही स्वप्नाचा आग्रह धरला तर हस्तलिखित उचला आणि दुसरं दार बघा.

गंगापूरच्या विसर्गाच्या आणि होळकर पुलाजवळच्या पाण्याच्या जुन्या बातम्या काढून वेळांचं गणित एकदा जुळवून घ्या; सार्वजनिक वाचनालय १८४० पासून तुमच्याच गावात आहे, तिथूनच सुरुवात करा. आणि पुढचा खर्डा पाठवताना कृपा करून पानांवर क्रमांक घाला. सहाव्या प्रकरणातली काही पानं आठव्यात सापडली, आणि बराच वेळ मी ती एक अतिशय धाडसी कलाटणी समजत होतो.